पहिल्या नंबरावरचे दुकान

कवळीकाकांनी आयुष्यभर लोकांच्या तोंडात दात बसवले, पण स्वतःच्या तोंडून जावयाला ‘नाही’ म्हणणे त्यांना कधी जमले नाही. जावई एका कंपनीत लोकांच्या वेबसाइट इंटरनेटच्या शोधात वर आणून देण्याचे काम करी. म्हणजे नेमके काय करतो, हे सासुरवाडीत कोणालाच कळत नसे. त्यामुळे त्याच्याविषयीचा आदर शाबूत होता.

काकांचे दुकान पूर्वी हमरस्त्यावर होते. ती इमारत पाडली गेली आणि काका आपली भट्टी, पॉलिशचे चाक आणि प्लास्टरचे जबडे घेऊन मागच्या गल्लीत, छापखान्याच्या पाठीमागच्या खोलीत आले. गिऱ्हाईक मात्र मागे आले नाही. खोलीचा करार उन्हाळ्याअखेर संपत होता. तोवर काम आले नाही, तर गाशा गुंडाळून साडूच्या लॅबमध्ये बसायचे, असे घरात ठरले होते. साडूची लॅब मोठी आणि साडूचा आवाज त्याहून मोठा. “या की आमच्याकडे, एक कोपरा देतो तुम्हाला,” असे तो चारचौघांत म्हणायचा, तेव्हा काकांना आपलेच प्लास्टर गिळावेसे वाटे.

“बाबा, काही काळजी करू नका,” जावई म्हणाला, “तुम्हाला पहिल्या नंबरावर आणतो.”

त्याने वेबसाइट केली. तिच्यावर एक हसरी तरुणी होती, जिला पुढची चाळीस वर्षे तरी कवळीची गरज पडणार नव्हती. मजकूर असा होता : ‘उत्तम कवळी शोधत आहात? आमची उत्तम कवळी हे उत्तम कवळीसाठीचे समग्र दंतसमाधान आहे.’

“इतक्या वेळा कवळी?” काकूंनी विचारले. “वाचणाऱ्याला काय बहिरा समजलात?”

“आई, ते माणसांसाठी नसतं, मशीनसाठी असतं.”

“मग मशीनला दात नाहीत का?”

काकांनी डोळ्यांनीच काकूंना दटावले. जावयापुढे हे असले प्रश्न! जावयाने जाताना सांगितले, “अधूनमधून उघडून बघत जा.” काकांनी हे डॉक्टरच्या गोळीसारखे मनावर घेतले. सकाळी दुकान उघडले की ते फोनवर कवळी शोधत आणि आपले पान उघडून शेवटपर्यंत वाचत. मग त्यांनी बहिणीला सांगितले, बहिणीने मुलांना, मुलांनी आपापल्या बायकांना. एका मावशींना वाटले, पान उघडले की दुकानात घंटा वाजते. त्या बिचाऱ्या दुपारी मुद्दाम उघडत नसत, काकांची झोपमोड नको म्हणून.

आणि चमत्कार झाला. काही आठवड्यांतच काकांच्या फोनवर काकांचे दुकान पहिले येऊ लागले! जावयाने आलेख आणून दाखवला. रेघ जिन्यासारखी वर चढत होती.

“लोक बघताहेत, बाबा!”

“पण येत का नाहीत हो?” काका चाचरत म्हणाले.

“आधी बघतात, मग विश्वास बसतो, मग येतात. याला शास्त्र आहे.”

शास्त्र आहे म्हटल्यावर काका गप्प बसले. रिकाम्या खोलीत, पहिल्या नंबरावर, एकटेच. काकूंनी मात्र साडूच्या लॅबकडे कोणती बस जाते याची चौकशी करून ठेवली.

करार संपायला थोडे दिवस राहिले असताना काकाकाकू लेकीकडे गेले. दार व्याह्यांनी उघडले. व्याही एरवी तोंडाला खळ नसलेला माणूस; आज रुमाल तोंडावर धरून नुसतीच मान हलवत होते.

“कवळीचे दोन तुकडे झाले,” विहीणबाईंनी सांगितले. “बेसिनमध्ये पडली. काल हे तुमच्या साडूंच्या लॅबमध्ये जाऊन आले. ते म्हणाले, जोडणं आम्ही करत नाही, नवीनच करा, पंधरवडा लागेल.”

काका पांढरे पडले. “व्याहीबुवा, तुम्ही साडूकडे गेलात? आणि मी?”

“अहो, फोनवर शोधलं,” रुमालाआडून उत्तर आले, “पहिलं तेच आलं. मला वाटलं, तुम्ही आता तिकडेच बसता!”

जावई घाईघाईने पुढे झाला. वडिलांच्या फोनवर त्याने स्वतः शोधले. पहिले पान पाहिले, दुसरे पाहिले, चौथ्यावर त्याच्या कपाळाला घाम आला. काकांचे दुकान कुठेही नव्हते.

“माझ्या फोनवर तर रोज पहिलं येतं हो!” काका म्हणाले.

“ते… बाबा, तुम्ही रोज तेच उघडता ना, म्हणून फोन तुम्हाला तेच आधी दाखवतो.”

“आणि ती चढती रेघ?”

जावयाने फोन वडिलांच्या हातात परत दिला. उत्तर काकूंनी दिले. “ती आपल्या वन्संची आणि मावशींची. आपलेच पाहुणे आपल्याच दारात फेऱ्या घालत होते, आणि जावईबापू, तुम्ही म्हणे ऑफिसात ती रेघ भिंतीवर लावलीत!”

लेकीने चहा आणला, पण कोणी उचलला नाही. काका उठले ते व्याह्यांसमोर हात पसरून उभे राहिले. “तुकडे द्या.”

ते तसेच दुकानात गेले. दोन्ही तुकडे मेणाने जुळवले, मागून प्लास्टर भरले, कडा घासल्या, गुलाबी भुकटी उग्र वासाच्या द्रवात कालवून भेगेत भरली. घट्ट झाल्यावर चाकावर चकाकी आणली. संध्याकाळी व्याही बिस्किटे खात होते, आणि भिजवल्याशिवाय खात होते.

तोंड परत मिळाल्यावर व्याही गप्प बसणार थोडेच! फोनवर दुकानाविषयी अभिप्राय लिहिता येतो हे कळताच त्यांनी बैठकच मारली. ‘सासऱ्यांची, वडिलांची, कोणाचीही कवळी मोडली असेल तर नवी घेऊ नका. छापखान्याच्या मागच्या खोलीत त्याच दिवशी जोडून मिळते. मी स्वतः खाऊन पाहिले आहे.’ जावयाने शब्दरचनेत सुधारणा सुचवली. “तू तुझी रेघ सांभाळ,” व्याही म्हणाले. नंतर जावयाने मुकाट्याने वेबसाइटवरची तरुणी काढली आणि तिच्या जागी दुकानाचा पत्ता टाकला.

पुढच्या आठवड्यात छापखान्यातल्या माणसाने एका अनोळखी बाईंना आत आणून सोडले. त्यांच्या हातात डबी होती. “फोनवर वाचलं, मोडलेली कवळी जोडून देणारे तुम्हीच ना? सासरे कालपासून नुसत्या पेजेवर आहेत, आणि राग आमच्यावर काढताहेत.” त्या गेल्या, तोच दुसऱ्या एकाचा फोन आला.

दुपारी जावई आला. “बाबा, आमच्या साहेबांना ही अभिप्रायाची कल्पना फार आवडली. माझी पद्धत म्हणून सगळ्यांना सांगताहेत.”

“बरं झालं,” काका म्हणाले. “पण जावईबापू, आता वेबसाइटला हात लावायचा नाही.”

डबा घेऊन आलेल्या काकूंनी चमकून नवऱ्याकडे पाहिले. काकांनी ओला हात पुसला, खोलीच्या मालकाला फोन लावला आणि म्हणाले, “करार पुढे चालू ठेवायचाय. हो, मीच.” फोन ठेवून ते काकूंकडे वळले. “आणि साडूचा फोन आला तर सांग, कोपऱ्यात बसायला मला सवड नाही.”