प्रज्ञाचा आवाज अजून फिरून राहिलाय

ॲपे रिक्षावरचा भोंगा मी बंद केला, त्या क्षणी सगळं बदललं.

तोवर अख्खी वस्ती समजून होती की प्रज्ञा गाडीवर बसून बोलून राहिली.

ती घरात पडलेली होती.

आज वर्ष झालं.

ज्यांना माहीत न्हाई त्यांच्यासाठी. प्रज्ञा हदगावकडची. एका संस्थेच्या आरोग्य मोहिमेत गावोगाव फिरायची. बीपी तपासा, शुगर तपासा, गोळ्या मधीच सोडू नका.

मी लातूरचं कॉलेज सेकंड इयरला सोडून आलो होतो. सरांशी भांडण, बापाशी भांडण, मग ही ॲपे. मोहिमेला गाडी पाहिजे होती. भाडं परवडत नव्हतं, तरी हो म्हणलो. कारण बाजूला ती बसणार होती.

"चला ओ अर्धे ग्रॅज्युएट!" रोज सकाळी हेच.

एकदा सांगून टाकलं तिला मनातलं. चिडली न्हाई. म्हणाली, "आधी लातूरला जाऊन उरलेलं अर्धं घेऊन ये. मग बघू."

ऑफिसातून घोषणा लिहून यायची. त्यात शब्द होता पक्षाघात.

प्रज्ञा संस्थेच्या साहेबाला म्हणाली, "सर, आमच्या आईला पक्षाघात म्हणलं तर ती विचारंल, कोणत्या पक्षानं घात केला?"

साहेब हसले. ती न्हाई हसली.

आमच्याकडं त्याला 'वारं' म्हणतात. अंगावरून वारं गेलं. आणि वाऱ्यावर औषध म्हणजे कबुतर. कापायचं, त्याचं गरम रक्त लुळ्या अंगाला चोळायचं, पांघरूण घालून निजवायचं. दवाखाना त्याच्यानंतर. तिचा मामा असाच गेला होता.

म्हणून तिनं आपल्या बोलीत क्लिप केली. माझ्याच मोबाईलवर, माझ्याच गाडीत बसून.

"माय, बापू, ऐका. तोंड वाकडं झालं, हात उचलंना, जीभ जड झाली, तर वारं गेलं म्हणून कबुतर हुडकत बसू नका. गाडी काढा. मोठा दवाखाना गाठा. टाइम गेला की माणूस गेला."

कधी ही क्लिप लावायचो. कधी ती स्वतः माईक घेऊन बोलायची. बाहेरून फरक कळत नव्हता.

त्या दिवशी ती आली न्हाई. फोनही उचलंना. मला वाटलं रुसली. मुद्दाम तिच्याच वस्तीत गाडी नेली, क्लिप लावली आणि फिरवत राहिलो.

शेवटी तिच्या दारात थांबलो. मावशी, म्हणजे तिची आई, शेतातून येऊन बाहेर सोयाबीन पाखडत बसली होती.

"मावशी, प्रज्ञा कुठंय?"

"मला काय विचारतो? तुझ्याच गाडीवर हाय की! कवाधरनं ओरडून राहिली."

मी भोंगा बंद केला.

वस्तीत एकदम शांत झालं. मावशीच्या हातातलं सूप तसंच राहिलं. ती रिकाम्या सीटकडं बघत होती.

"ही तर क्लिप हाय, मावशी."

आत गेलो. प्रज्ञा जमिनीवर. तोंड एका बाजूला ओढलेलं. डोळे उघडे, माझ्याकडं. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता.

इतका वेळ भिंतीपलीकडं तिचाच आवाज सांगत होता काय करा. ती ऐकत पडली होती.

शेजारची काकू दारातूनच ओरडली, "वारं गेलं गं बाई! कबुतर आणा कुणीतरी!"

मी काय बोललो ते इथं लिहीत न्हाई.

ॲपेतच घातलं. हदगावात म्हणले, डोक्याच्या स्कॅनचं मशीन न्हाई, नांदेडला न्या. नांदेडला डॉक्टर मॅडम धावत आल्या. पहिला प्रश्न, "शेवटचं नीट बोलताना कुणी ऐकलं? कधी?"

मावशीच्या कानात अजून भोंगाच होता. म्हणाली, "आत्ता की. गाडीवर बोलत होती."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. न्हाई.

मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन असतं. पण कधी झालं ते माहीत नसंल तर ते देता येत न्हाई. आणि ते कुणालाच माहीत नव्हतं.

मॅडम म्हणाल्या, हृदयाची झडप लहानपणापासून खराब असणार, तिथूनच गाठ मेंदूत गेली. लहानपणी ताप येऊन सांधे धरायचे का? मावशी म्हणाली, धरायचे. तेल चोळत होतो. तेव्हाच दवाखाना जवळ असता तर हे कळलं असतं. आमच्या वस्तीतल्या पोरींचं असं मेल्यावर कळतं.

दोन दिवसांनी ती गेली.

क्लिप मी बंद केली न्हाई.

आता गाडी गावात शिरली की बाया डोक्यावर पदर घेतात. पोरं खेळ थांबवतात. भोकरकडं एक म्हातारी दर वेळी ओट्यावरून त्या आवाजाला ओ देते, "आले गं माय, आले!" मी आरशात मागं बघत न्हाई. बाजूच्या सीटवर कुणाला बसूही देत न्हाई.

पण तिथल्याच एका माणसाचं तोंड वाकडं झालं, तर त्याची सून त्याला थेट नांदेडला घेऊन गेली. तो आज चालतो. ती मला म्हणाली, "त्या मेलेल्या पोरीनं सांगितलं होतं. तिचा शब्द कसा टाळायचा?"

तरी तक्रारी गेल्या. साहेबांनी नवी क्लिप दिली. गोड आवाज, पक्षाघात. म्हणले, "जुनी वाजवायची तर तिच्या आईची परवानगी आण. न्हाईतर आजच डिलीट कर."

म्हणून आज तिच्या वर्षाचं पुण्यानुमोदन झाल्यावर, बुद्धवंदना संपून माणसं उठल्यावर, मावशीला विचारलं.

काकू लगेच, "नको गं. मेलेल्या लेकराला फिरवू नये. तिला जाऊ दे."

मावशी फोटोकडं वळली. फोटोवरचा हार सरळ करत राहिली. न्हाई म्हणली असती तर मी काय करणार होतो?

मग म्हणाली, "वाजव. भ्याली माणसं तर भिऊ दे. भिऊन गाडी तर काढतात."

मी उठलो तशी म्हणाली, "फक्त जाताना दार लावून घे, बाबा. आवाज आला की मी घरभर हुडकत फिरते."

प्रज्ञा, तुला जयभीम. डिग्री राहिली माझी. तुझं काम अर्धं राहणार न्हाई.

मी बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.