निलगिरीच्या तेलाचा हात अन् आमची छकुली

बायांनो, सकाळपासून जिवाला चैन नाय, म्हणून लिहिते.

सूनबाईनं, मनीषानं, माझ्या गुडघ्यांसाठी निलगिरीच्या तेलाची बारकी बाटली आणली. म्हणाली, "आई, दोनच थेंब घ्या, ते पण खोबरेल तेलात मिसळून. नंतर हात साबणानं धुवा."

मी म्हटलं, "थेंब मोजत बसायला मला येळ नाय." तळहातावर ओतलं अन् खसाखसा चोळलं. गुडघा मोकळा झाला, खोटं कशाला बोलू.

मग पदराला हात पुसले अन् रोजच्यासारखं नातीला पायावर घेतलं मालिशला. तीन महिन्यांची पोर. छाती चोळली, नाकाच्या बाजूनं बोट फिरवलं, तशी ती कळवळून रडली अन् खोकायलाच लागली. श्वास पुरंना.

मनीषा धावत आली. वास घेतला, पोर उचलली. अंगावरचं तेल पुसून तशीच रिक्षानं दवाखान्यात नेली, मी बी संगं गेले.

डॉक्टर म्हणाले, "आजी, हे तेल एवढ्या लहान लेकराला लावायचं नाही, श्वास कोंडतो. आता ठीक आहे, पण लक्ष ठेवा."

पोर झोपलीय. तिचं पोट हलतंय का ते मी सारखी जाऊन बघते. मनीषा म्हणते, "आई, बसा हो आता." बसवत नाय.

उद्या मालिशला पोर माझ्या पायावर देशील का, हे तिला विचारायचं धाडस होईना. तुम्ही तिच्या जागी असता, तर दिली असती का?