प्रमाणपत्राची तपासणी

मंगरूळपीरच्या माती तपासणी प्रयोगशाळेत अकरा वर्षं कॉम्प्युटर मीच सांभाळत होते. गावोगावच्या सेवा केंद्रांना मातीचे अहवाल ई-मेलने जात. काळ्या पडद्यावर कमांड टाइप करून ते पाठवणं माझं काम. मग रिठदची एक मुलगी नोकरीला लागली आणि काहीही अडलं की साहेब तिच्याच टेबलाकडे वळू लागले. मला ते पाहवत नसे. तिचं हसणंसुद्धा खुपायचं.

एका सोमवारी मेल जाणं बंद पडलं. वरच्या कार्यालयाने सर्व्हर बदलला होता आणि नवा सर्व्हर एन्क्रिप्शनशिवाय, म्हणजे मजकूर सांकेतिक केल्याशिवाय, काही घेतच नव्हता. ती रजेवर होती. मला आनंदच झाला. सर्व्हरचं ४६५ नंबरचं दार, म्हणजे पोर्ट, देऊन स्टार्ट-टीएलएस चालू केलं, तर पडदा नुसताच थांबून राहिला. दुपारी कळलं, त्या पोर्टवर पहिल्या अक्षरापासूनच एन्क्रिप्शन लागतं. आधी साधं बोलून मग स्टार्ट-टीएलएसने ते सुरू करायचं, तर पोर्ट ५८७. ते दिलं, तर सर्व्हरची ओळख पटवणारं प्रमाणपत्र जुळत नाही म्हणे. वैतागून मी ती तपासणीच बंद केली. सगळे अहवाल सरसर गेले. साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं.

दुसऱ्या दिवशी तिने सेटिंग पाहिलं.

“ताई, तपासणी काहून बंद केली?”

“मेल जाऊन राह्यले ना? मंग?”

“पन कोनाले जाऊन राह्यले? मधात कोनी ‘मीच सर्व्हर’ म्हनून बसला, त आपला पासवर्ड अन् शेतकऱ्याइची सारी माहिती त्याच्या हाती.”

“तुले लय समजते!”

ती आपल्या टेबलाकडे परत गेली. साहेबांना मात्र काही बोलली नाही. तिच्या जागी मी असते तर धावत जाऊन सांगितलं असतं, आणि हेच मला जास्त झोंबलं.

मग मी प्रमाणपत्र न जुळल्याचा तो संदेश नीट वाचला. सर्व्हरच्या नावाऐवजी मी त्याचा आयपी नंबर टाकला होता, प्रमाणपत्र होतं नावाचं. नाव टाकलं, तपासणी चालू केली, मेल गेला. पासवर्डही बदलला. मग साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं, चूक तिने काढली हेही.

“वाटलंच मले,” साहेब म्हणाले.

पुढे तिची वाशिमला बदली झाली. निरोप समारंभात मी तिच्याविषयी मनापासून बोलले. टाळ्या तिलाच पडल्या.