लेखिकेच्या नावाखालची रेघ

सुमन गेली हे मला ह्यांनीच सांगितलं. कोर्टातून आले, कोट खुंटीला लावला आणि म्हणाले, "तुही ते लायब्ररीवाली वारली म्हणे उंद्रीले." लगेच चहा मागितला. मी चहा केला नाही. आता महिना उलटून गेला, गावात सगळे तिच्याबद्दल गोड बोलतात, आणि ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. सुमनची आठवण मला रागाशिवाय येतच नाही. आधी तिच्या वतीनं सूड, मग शोक, असं मी ठरवूनच हे लिहायला बसले आहे.

उंद्रीची सुमन आणि जानेफळची मी, गोदावरी सातव, मेहकरला शाळेत एका बाकावर होतो. आमच्या घरी भाजीपाल्याचा मळा. वांग्याचं, दोडक्याचं, भोपळ्याचं बी कोणत्या फळाचं धरायचं, राखेत कसं घोळायचं, ऊन कधी दाखवायचं, हे आई आणि काकू बोलत असायच्या आणि मी लिहून ठेवायचे. सुमन ते वाचून माझं शुद्धलेखन सुधारायची. पुढे लग्न झालं आणि नांदुऱ्यात वकिलाच्या घरी माझी सुलभा राऊत झाली. नाव, बापाचं नाव, आडनाव, तिन्ही एका दिवसात गेली. लिहिलेले कागद तेवढे ट्रंकेतून सोबत आले. ह्यांनी ते वाचले, त्यांना आवडले, आणि त्यांनी 'बी राखताना' हे पुस्तक छापलं ते स्वतःच्या नावानं. मी विचारलं तर म्हणाले, घर एकच आहे, नाव कोणाचं का असेना. मग माझंच का नको, असं मी म्हणाले तर कोट घालून कोर्टात निघून गेले. ज्यांच्या बोटाला कधी माती लागली नाही ते दोडक्याच्या बियांवर व्याख्यानं देत हिंडू लागले, आणि ती व्याख्यानंही मीच लिहून देत होते.

तेव्हा महाराष्ट्र नवा होता आणि वाचनालयांना बरे दिवस येत होते. सुमन ग्रंथपालाचं शिक्षण घेऊन आमच्या गावच्या वाचनालयात रुजू झाली. मंडळाचे चिटणीस हेच. पुस्तकांची छापील सूची काढायचं ठरलं तेव्हा सुमननं हस्तलिखितासाठी खुणांची एक पद्धत बसवली. लेखकाच्या नावाखाली सरळ रेघ, म्हणजे ते ठळक टाइपात आणि नोंद त्याच नावाखाली. पुस्तकाच्या नावाखाली नागमोडी रेघ. पुस्तकावर छापलेलं नाही पण ग्रंथपालाला खात्रीनं ठाऊक आहे, ते चौकोनी कंसात. एका नावावरून दुसऱ्या नावाकडे पाठवायचं असेल तर 'पाहा'. मी एकदा हसले, की एवढा कसला सोपस्कार? ती म्हणाली, "छापखान्यातल्या टाइपाच्या खिळ्याले काय माहीत, हे नाव हाय का गाव? शब्द कोन हाय ते खुणेनं सांगा लागते." टाइप जुळवणारे करीमभाई या खुणांवर बेहद्द खूश होते. बाईंची खूण असेल तसंच बसवीन, डोकं लावणार नाही, असं ते सगळ्यांना सांगायचे.

'बी राखताना'ची नोंद सुमननं नियमाप्रमाणे ह्यांच्या नावाखाली केली आणि पुढे कंसात लिहिलं: [खरी लेखिका सातव, गोदावरी]. तिनं ते कागद शाळेत माझ्या अक्षरात वाचले होते, तेव्हा खात्रीचा प्रश्नच नव्हता. हस्तलिखित तपासायला ह्यांच्याकडे आलं. ह्यांचा संताप झाला. त्यांनी माझ्या नावाखाली दात-ओठ खात रेघ ओढली, समासात लिहिलं, 'हे काय?', आणि आता बाई काय ते समजून काढून टाकेल असं मानून कागद परत पाठवले. पण ते कागद सुमनकडे न येता गेले थेट छापखान्यात. समासातलं 'हे काय?' ही ठरलेली खूण नव्हती; करीमभाईंनी फक्त नावाखालची सरळ रेघ पाहिली. सरळ रेघ म्हणजे लेखक. त्यांनी कंस काढले, माझं नाव ठळक केलं, नोंद 'स'मध्ये नेली आणि 'राऊत'पुढे ठेवलं, 'पाहा: सातव, गोदावरी'. कच्ची छपाई सुमनच्या हाती आली तेव्हा तिला सगळं दिसलं. ती मला म्हणाली, "वकीलसाहेबाच्या हातची खूण हाय, गोदे. मी कोन खोडनार?" इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती.

सूची बाहेर आली आणि मंडळाची बैठक झाली. स्वतःची रेघ ह्यांना कबूल करता येईना, म्हणून कामात हयगय केल्याचा ठपका सुमनवर ठेवून तिला काढून टाकलं. माझ्या नावावर कोऱ्या कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या गेल्या. मी घरात आकांडतांडव केलं, हे बाहेर जाऊन बसले. सुमन उंद्रीला परतली, शिवणकामावर जगली, आणि जिथं तिथं 'सूचीत घोळ घालणारी बाई' म्हणून ओळखली गेली. घोळ तिनं उभ्या जन्मात घातला नव्हता...

वाचनालयात शोकसभा ठरली आणि अध्यक्ष कोण, तर हे! मोठं मन दाखवायची अशी संधी कोण सोडतो? भाषण मला लिहायला सांगितलं. मी मन लावून लिहिलं. माझं लिहिलेलं आधी वाचून पाहण्याची ह्यांना कधी गरज वाटली नाही. सभेत उभे राहिले आणि कोर्टात अर्ज वाचतात तशा एका सुरात वाचत गेले. "सुमनबाई शिस्तीच्या होत्या, नियमाच्या होत्या, आणि ज्या एका नोंदीसाठी त्यांना घालवण्यात आलं ती नोंद अक्षरशः बरोबर होती, कारण 'बी राखताना' या माझ्या नावावरच्या पुस्तकाची खरी लेखिका आहे..." पान मी तिथंच संपवलं होतं. ह्यांनी ते उलटलं आणि पुन्हा मागचं पान काढलं. पुढच्या पानावर फक्त दोन शब्द होते. समोर गाव बसलेलं. मागच्या बाकावरून म्हातारे करीमभाई हळू आवाजात म्हणाले, "वाचा ना साहेब. नाव राह्यलं."

आमच्याकडे नवरा बायकोला नावानं हाक मारत नाही. ह्यांनीही कधी मारली नव्हती, ना माहेरच्या नावानं, ना स्वतः ठेवलेल्या. त्या दिवशी भर सभेत, सुमनच्या हार घातलेल्या फोटोसमोर, हे म्हणाले, "गोदावरी सातव."