गादीखालचं पुस्तक

गोदाआत्या गेल्याचा निरोप पाथर्डीहून येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरनं आणला. तो आमच्या तिसगावचाच. मी नगरच्या शाळेत वर्गावर होतो. दारात उभा राहून तो एवढंच म्हणाला, "मास्तर, आत्याबाई गेल्या... परतीची गाडी लगेच हाय, चला." त्याला महिना होऊन गेला. लिहायचं मनात नव्हतं. पण दहाव्याला माझे थोरले चुलते चार माणसांत म्हणाले, की बाई गुणाची होती, पण सट्ट्याच्या पुस्तकांनी तिचं डोकं फिरवलं. ती पुस्तकं आता वाण्याला देऊन टाका, पुड्या बांधायला तरी होतील. लोक हसले. ती पुस्तकं तिला मी आणून दिली होती. मी आमच्या घराण्यातला पहिला बी.ए., तोही अर्थशास्त्र घेऊन झालेला. माझ्या आत्याचं डोकं फिरलं नव्हतं, हे मी छापून सांगणार आहे. ज्याला राग यायचा त्याला येवो.

आत्या मराठी चौथीपर्यंत शिकलेली. तिचे यजमान, ज्यांना आम्ही मामाच म्हणतो, त्यांना अक्षरओळख नाही. एका वर्षी मामा करडई घालून शेवगावच्या बाजारातून आले आणि जेवताना हसत हसत सांगू लागले, की अडत्या भाव ठरवायच्या आधी गादीखालून एक पिवळं पुस्तक काढतो, चोरून बघतो आणि परत वर बसतो. मामांना त्याची गंमत वाटली. आत्याला वाटली नाही. तिनं मला नगरला निरोप धाडला, की असलं पुस्तक कुठं मिळतं ते बघ. मी तेव्हा कॉलेजात होतो. जुन्या बाजारात शोधलं तर एक सोडून ढीगभर निघाली, त्यात ते पिवळंही. बहुतेक ग्रहांवरून तेजी-मंदी सांगणारी... शनी अमक्या राशीत गेला की गूळ चढणार, मंगळ वक्री झाला की करडई बसणार. एकच जरा बरं होतं, त्यात वायदा म्हणजे काय ते समजावून दिलेलं. माझ्या हातात ती बघून आमचे प्राध्यापक म्हणाले होते, की यापेक्षा पत्ते खेळ, निदान करमणूक तरी होईल. तरी मी ती तिसगावला पोचवली. आत्यानं सगळी वाचली. बोट ठेवून, ओठ हलवत, चुलीपुढं. ग्रहांवर तिचा विश्वास बसला का, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "मंगळ कुटं बी फिरू दे रं. हे वाचून शेटजी कवा बिचकतो, तेवडं मला कळलं म्हंजी झालं." अर्थशास्त्राच्या तासाला इतकं सरळ वाक्य मी ऐकलं नव्हतं.

त्या काळी बाजारात भाव तोंडानं बोलत नसत. अडत्या आणि खरेदीदार उपरण्याखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबत, आणि ज्याचा माल तो बाजूला उभा राहून उपरण्याची हालचाल बघत असे. दुष्काळाच्या आदल्या वर्षी आत्या स्वतः मामांबरोबर गाडीत बसून शेवगावला गेली. मी सुट्टीवर होतो, बरोबर होतो. अडत्यानं आल्या आल्या घाई लावली. माल आत्ताच सोडा, पुढं मंदी आहे, म्हणाला. आत्यानं पिवळं पुस्तक वाचलेलं होतं. त्यात त्या पंधरवड्यानंतर करडईला तेजी सांगितली होती. मग याची घाई कशापायी? उपरणं पुढं आलं तशी ती पोत्यावरून उठली.

"शेटजी, हात भाईर काडा. भाव तोंडानं सांगा."

"आक्का, बाजाराची रीत असते."

"रीत ऱ्हाऊ द्या. तुमच्या गादीखालचं पुस्तक आमच्या घरी बी हाय."

अडत्याचा हात उपरण्यातच राहिला. भाव काही तो बोलला नाही. आत्यानं मामांना बैल जुंपायला सांगितलं आणि भरली गाडी तिसगावला परत आली. भरली गाडी बाजारातून परत येणं ही आमच्याकडे केवढी नाचक्की, ते शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्यालाच कळेल. मामा वाटभर बैलांशी बोलले, आत्याशी नाही.

आणि तेजी? आली नाही. करडई पडली. पुस्तक साफ खोटं निघालं आणि आत्यानं माल नंतर कमी भावात दिला. चुलते एवढंच धरून बसले आहेत. पण पुढचं ते सांगत नाहीत. पुढच्या खेपेला आत्या त्याच अडत्यापुढं जाऊन उभी राहिली, तेव्हा त्यानं उपरणं खांद्यावरच ठेवलं आणि भाव सगळ्यांच्या देखत बोलून दाखवला. मागं रांगेत उभ्या असलेल्या शेतकऱ्यांनीही तो ऐकला. मग अडत्याला त्यांनाही भाव तोंडानंच सांगावा लागला. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं, पण पुस्तक वाचल्यावाचून झालंही नसतं. भाव कळावा म्हणून असली पुस्तकं कुणी वाचू नयेत, असं मी पदवीच्या जोरावर सांगतो. पण भाव ठरवणाऱ्याची भीती मोडायला जरूर वाचावीत.

दुष्काळी कामावर खडी फोडताना बायका तिला चिडवायच्या, की आत्याबाई, ज्वारी कधी उतरंल ते पुस्तकात बघा. ती म्हणायची, "त्यात पाऊस नसतो गं बायांनो. निसती मानसांची घाई असती." आणि पुन्हा घण उचलायची... असं डोकं फिरलेलं असतं?

परवा मी पुस्तकं नगरला आणायची म्हणून पिशवी घेऊन तिसगावला गेलो. वाण्याच्या पुड्यांपेक्षा माझ्याकडे बरी. कोनाड्यात ती होतीच, पण चुलीजवळच्या नव्हे, आता पुढच्या खोलीतल्या, दारातून आत येणाऱ्याला समोर दिसेल अशा कोनाड्यात. मामांनी हलवली होती. मी हात घातला तसे ते बाजेवरून म्हणाले, "ऱ्हाऊ दे. अडत्याचा मानूस सौदा कराया येतो, त्याला दिसत्यात."

मी म्हटलं, "मामा, तुम्हाला वाचता येत नाही, हे त्याला माहीत आहे."

"व्हय, हाय की ठाव," मामा म्हणाले. "पर घरात अजून कोन वाचतं, ते त्याला ठाव न्हाई."