रजेचं कलम

काष्टीच्या बाजूला एका विनाअनुदानित कॉलेजात निकिता रसायनशास्त्र शिकवायची. नोकरी कंत्राटी. आदल्या वर्षी तिथल्याच आरती मॅडम बाळंतपणाला माहेरी गेल्या आणि परत आल्या, तर त्यांच्या जागेवर दुसरंच कुणी शिकवत होतं. कायद्यात रजा आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण बोलणार कोण? म्हणून निकिताने दिवस गेल्याचं कॉलेजात कुणालाच सांगितलं नव्हतं. पाचवा लागला तरी ढगळ कुर्ता आणि ओढणी यांच्यावर निभावत होतं.

घरी सासूबाई, रंगुबाई, रोज टोकायच्या. "आगं, कुटवर लपवशील? पोट हाय ते, चोरीचा माल न्हाई."

यंदा प्राध्यापकांनी एकजुटीने संस्थेपुढे दोन मागण्या ठेवल्या: पगारवाढ आणि बाळंतपणाची भरपगारी रजा. बोलणी करायला तिघांना निवडलं, त्यात निकिता. नको म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं, म्हणून तिने मुकाट मान्य केलं.

संस्थेचे सचिव वाल्मिकराव बोलायला गोड. चहा-बिस्किटं झाली, मग म्हणाले, "हे बघा, दोन्ही काही झेपायचं नाही. पगारवाढ घ्या. रजेचं राहू द्या. आत्ता कुणाला लागलीय?"

ज्येष्ठ म्हणून पुढे बसलेल्या सुनील सरांनी चष्मा पुसायला घेतला. त्यांच्या मुलीचं लग्न तोंडावर आलेलं. वाढ त्यांना हवीच होती. निकिताला कळलं, आता सर मान डोलावणार. काही ठरवायच्या आतच ती बोलून गेली.

"मला लागलीय, साहेब. पाचवा चालू आहे."

वाल्मिकरावांचा कप हातातच राहिला. "अहो मॅडम, मग सांगायचं नाही का?"

"आरती मॅडमनी सांगितलं होतं, साहेब."

सुनील सरांनी चष्मा चढवला. "रजेचं कलम आधी लिहा, साहेब. वाढीचं मग बघू."

वाल्मिकराव बाहेर जाऊन अध्यक्षांशी फोनवर बोलून आले. सहा महिन्यांची रजा आणि परतल्यावर तीच जागा कबूल झाली. वाढ मागितल्याच्या निम्मी. आरती मॅडमना परत घ्यायचं मात्र त्यांनी 'बघू' म्हणून ठेवलं.

बाहेर आल्यावर निकिता पायरीवरच बसली.

सुनील सर खाली बघत म्हणाले, "मॅडम, तुम्ही बोलला नसतात, तर मी हो म्हणणार होतो."

"दिसलं मला, सर," ती म्हणाली, आणि दोघंही खळखळून हसले.

तिने घरी फोन लावला. "मिळाली का गं?" रंगुबाईंनी विचारलं.

"मिळाली, आई."

"रिक्षानं ये. टेम्पोत दाटीवाटीनं येऊ नको."

कित्येक दिवसांनी निकिताला सपाटून भूक लागली होती. फाटकासमोरच्या गाड्यावर तिने भजी घेतली, विद्यार्थ्यांच्या घोळक्यात उभी राहूनच खाल्ली आणि आणखी एक प्लेट मागितली.