हेदशेतच्या एसटीचं आवतण

मी गाव सोडलं त्या सकाळी अख्खा मोहल्ला मशिदीजवळ एसटीपाशी उभा होता. कुणी डोळे पुसत होतं, कुणी दुआ पुटपुटत होतं. आईने माझ्या दंडावर इमाम-जामीन बांधला होता, म्हणजे प्रवासात सांभाळ व्हावा म्हणून कापडात गुंडाळलेलं नाणं. दोन पिशव्यांत मसाला, सुका जवळा, तांदळाचे पापड आणि लोणच्याची बरणी. एवढा लवाजमा बघून कंडक्टरने विचारलं, कुठली फ्लाइट? मी म्हटलं, महाड. पोलादपूर येईपर्यंत तो मधूनमधून हसत होता.

आता तुम्ही कुवेत-दोहावालेच सांगा, यात आपल्या माणसांची काय चूक? हेदशेतमधून माणूस निघतो तो कुवेतला निघतो, नाहीतर दोहाला, नाहीतर मस्कतला. निरोप कसा द्यायचा हे आपल्या बायकांना पाठ आहे, पण त्यांना येतो तो विमानाच्या मापाचा निरोप. बी.ए. झाल्यावर मला महाडच्या एका मदत केंद्रात नोकरी लागली आणि नोकरीसाठी बाहेर राहायला जाणारी मी गावातली पहिली मुलगी ठरले, तेव्हा तोच निरोप माझ्या वाट्याला आला. बाबा मात्र रडले नाहीत. "कुवेतवाला दोन वर्सानं का होईना, महिनाभर तरी ऱ्हातो," ते म्हणाले. "तू रविवारी येशील नि सोमवारी पळशील." पुढची नऊ वर्षं मी नेमकं तेच केलं.

महाडमध्ये आधी खोलीचा शोध. खोली पसंत पडायची, भाडं ठरायचं, मग आडनाव विचारलं जायचं, आणि ती खोली पुतण्याला द्यायची आहे हे घरमालकांना अचानक आठवायचं. त्या आठवड्यात महाडात एवढे पुतणे कुठून येणार होते कोण जाणे. मला वाईट वाटलं, खोटं का बोलू. शेवटी कांबळेबाई नावाच्या निवृत्त शिक्षिकेने घराची वरची खोली दिली. त्यांनी आडनाव विचारलं नाही. पिशवीतून वास येतोय तो जवळ्याचाच ना, एवढंच विचारलं. निम्मा जवळा त्याच दुपारी त्यांच्या डब्यात गेला आणि मी महाडकर झाले.

आमचं केंद्र म्हणजे बाजारातल्या गल्लीत दोन खोल्या, तीन टेबलं आणि सतत गरम होणारा एक प्रिंटर. महाड-पोलादपूरच्या मुस्लिम कुटुंबांना कागदपत्रांत मदत करायची हे आमचं काम. मुलांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज, विधवा बायकांची पेन्शन, पासपोर्ट, दाखले. परदेशात कुणी वारलं तर मय्यत घरी आणण्यासाठीची पत्रं. एमआयडीसीत शिफ्टला जाणाऱ्या पोरांना शुक्रवारी नमाजपुरती अर्ध्या तासाची सुट्टी हवी होती, तर त्यांच्यासोबत जाऊन ठेकेदाराशी बोलणं. तो ऐकून घेणारा निघाला. आपल्या माणसाला ऑफिसच्या खिडकीपाशी गेलं की आवाजच फुटत नाही, आणि खरं काम तो आवाज होण्याचं असतं. कुणी साहेब कौतुकाने म्हणायचे, तुम्ही मराठी छान बोलता हो. मी सांगायचे, आई पण बोलते, आजी पण बोलायची, आमच्याकडे दुसरं येतंय कुणाला?

नऊ वर्षांत मी बरीच बदलले. बोलण्यात पोर्टल, ओटीपी, पेंडिंग, फॉलोअप घुसले. केंद्रात कुणी चौकशीला आलं की मी विचारायचे, मेसेज बघितला नाही का? सगळ्यांच्या फोनमध्ये मी नोटीस पाठवलेली असायची, मग यांना पुन्हा तोंडी कशाला सांगायचं? गावी गेले की आई म्हणायची, तू बोलतेस का वाचून दाखवतेस? मला ते कौतुक वाटायचं.

मग सनाचं प्रकरण आलं. सना आमच्या शेजारच्या हलिमाखालाची मुलगी. तिचे वडील, आपले इस्माईलभाई, तुम्ही बहुतेक सगळे ओळखताच, कुवेतमध्ये एका कंपनीच्या गोदामात आहेत. सना दहावीला चांगल्या गुणांनी पास झाली आणि तिला महाडच्या कॉलेजात सायन्सला जागा मिळाली. तिने महाडला राहावं, मी माझ्या खोलीत ठेवून घेते, असं मी लगेच म्हटलं. पण खालाला संध्याकाळ झाली की दिसत नाही. चूल, धाकटी भावंडं, आईचं औषध, सगळं सनाच बघते. तिला रोज घरी यायलाच हवं होतं.

आणि घरी यायला गाडी नव्हती. पूर्वी आपल्या गावात वस्तीची एसटी होती, रात्री मशिदीपाशी थांबून सकाळी महाडला जाणारी. एका पावसाळ्यात ओढ्यावरचा पूल वाहून गेला आणि गाडी खालच्या फाट्यापर्यंतच येऊ लागली. पूल नवा झाला, पण तोवर लोकांना मोटरसायकलची सवय लागली आणि पुन्हा गाडी मागायला कुणी गेलंच नाही. फाट्यावरून गावात यायला तासाभराची चढण. सना सहाला फाट्यावर उतरणार, जुलैच्या पावसाने अंधारलेल्या रानातून एकटी चालत येणार. खाला म्हणाली, गाडी गावात आली तर पोरगी शिकेल, नाहीतर नाव काढून घेते. ती रागाने बोलत नव्हती. मला तिचा राग आला असता तर सोपं गेलं असतं.

मी अर्ज केला. डेपोतले एक साहेब स्वतः गावात येऊन बघायला तयार झाले. भला माणूस. ते म्हणाले, किती लोकांना गाडी हवी आहे ते मला डोळ्यांनी दिसू दे, म्हणजे वर तसं लिहिता येईल. बुधवार ठरला. मी माझ्या पद्धतीने चोख तयारी केली. गावच्या ग्रुपवर नोटीस टाकली, "सर्व ग्रामस्थांनी वेळेवर उपस्थित राहावे." मशिदीच्या फळ्यावर एक प्रिंट, शाळेच्या भिंतीवर एक. ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला. मी खूश.

बुधवारी शाळेच्या व्हरांड्यात साहेब होते, मी होते, गुरुजी होते आणि गुरुजींचं मांजर होतं. आम्ही तासभर बसलो. मी फोन उघडून अंगठे दाखवायला गेले तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ते सगळे तुमचे होते, कुवेत-दोहावाल्यांचे. गावात राहणाऱ्या एकानेही अंगठा दिला नव्हता. साहेब वहीत काही लिहिणार इतक्यात मी हात जोडले आणि म्हटलं, एक संधी द्या. त्यांनी पुढच्या शुक्रवारची दुपार दिली. त्यानंतरच्या सोमवारी सनाचा प्रवेश पक्का करायची शेवटची मुदत होती.

मी घरी येऊन आदळआपट केली. आपल्याच लोकांना स्वतःचं भलं कळत नाही, वगैरे. आई तांदूळ निवडत होती. तिने मान वर न करता विचारलं, "आवतण दिलंस काय?"

मी म्हटलं, नोटीस दिली होती.

"ती वाचली सगळ्यांनी. पन बोलावलं कुनी? न बोलावता कसं जायचं कुनाच्या कार्याला?"

मी खाली बसले. आपल्या गावात लग्न असो, बाळाचं जावळ काढायचा अकीका असो, घरातलं साधं मौलूदचं वाचन असो, दारात उभं राहून तोंडाने आवतण दिल्याशिवाय कुणी पाऊल उचलत नाही, आणि हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. बाबांच्या बोटाला धरून मी स्वतः आवतण द्यायला फिरलेली. फळ्यावरची नोटीस ही बातमी. ती वाचून आलेला माणूस आगंतुक. गाव घरी बसलं ते आळसाने नव्हे, रीत म्हणून. दुसऱ्यांना आवाज मिळवून देणारी मी, माझ्याच मोहल्ल्याशी खिडकीतल्या साहेबासारखी बोलले होते. लाज वाटली, आणि हसूही आलं.

पुढच्या आठवड्यात गुरुवारी सकाळी रजा टाकून गावी आले आणि आवतण द्यायला निघाले. आईने बजावून सांगितलं होतं, ज्या घराशी आपलं बोलणं बंद आहे तिथे आधी जा. म्हणून पहिलं आवतण चुलतचुलत्याच्या घरी, जिथे फणसाच्या झाडावरून सात वर्षं अबोला होता. चाचांनी खुर्ची दिली. मग मोहल्ला, मग वरची वाडी, मग बौद्धवाडी, कारण रस्ता एकच आणि पोरी त्यांच्याही होत्या. प्रत्येक दारात तेच बोल: उद्या जुम्म्याच्या नमाजनंतर शाळेत या, एसटीसाठी आवतण आहे. तिसऱ्या घरी फुफीने, म्हणजे बाबांच्या बहिणीने, विचारलं, घरटी एक माणूस का चूलबंद? घरटी एक म्हटलं असतं तर म्हातारे पुरुष आले असते. मला तर बायका हव्या होत्या, पोरी हव्या होत्या. मी बोलून गेले, "चूलबंद." मग पुढच्या सगळ्या घरी तेच सांगावं लागलं.

संध्याकाळी आईला सांगितलं तर तिच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

"चूलबंद म्हंजे त्या दिवशी कुनाच्या घरी चूल पेटनार नाय," ती म्हणाली. "तीन वाड्यांना जेवन कोन घालनार गो? एसटी?"

खरंच, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. चूलबंद आवतण द्यायचं तर अख्ख्या घराला जेवू घालायचं. पण त्या तासात मी आपलं गाव जे पाहिलं ते तुम्ही पाहायला हवं होतं. आईने ओटीवर उभं राहून चार हाका मारल्या आणि जमातीच्या स्वयंपाकाच्या मोठ्या देगा मशिदीमागच्या खोलीतून बाहेर निघाल्या. घराघरातून तांदूळ आला, कांदे आले, कुणाकडून तूप. चुलतचाचांनी बकरा दिला आणि झाड कुणाचं ते मात्र अजून ठरलेलं नाही असंही सांगून टाकलं. वरच्या वाडीतल्या माळकऱ्यांसाठी त्यांच्याच बायका वेगळं डाळभात-भाजी रांधायला बसल्या. कांबळेबाई शुक्रवारी सकाळच्या रिक्षाने आल्या आणि आल्या आल्या कांदे चिरायला बसल्या.

साहेब आले तेव्हा शाळेचं आवार माणसांनी भरलं होतं. नमाजहून आलेले टोप्या घातलेले पुरुष, डोक्यावर पदर घेतलेल्या आयाबाया, बुरख्यातल्या सासवा, दप्तरं घेऊन आलेल्या पोरी. दप्तरं आणायला मी सांगितलं नव्हतं, ती सनाची अक्कल. साहेबांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, इथे लग्न आहे का? मी म्हटलं, एसटीचंच समजा. मी भाषण लिहून आणलं होतं, पण बोलायची पाळीच आली नाही. हलिमाखाला उठली. ती भरल्या सभेत कधी बोललेली नाही. साहेब नेमके कुठल्या बाजूला बसले आहेत ते सनाने तिला हात धरून दाखवलं.

"साहेब, मना सांजेचं दिसत नाय," खाला म्हणाली. "पोरगी रानात कुठवर आली ते बघायला मी जाऊ शकत नाय. गाडीचा आवाज मना ऐकू येतो. तेवढा आवाज दारापोत आना."

साहेबांनी वही उघडली आणि पुष्कळ वेळ लिहीत बसले. मग आखणी पुलावावर दोनदा हात मारून ते म्हणाले की बाकी काही नाही तरी या मुक्कामाला यायला ड्रायव्हर-कंडक्टर भांडतील.

कॉलेज सुरू झालं त्या आठवड्यात वस्तीची गाडी सुरू झाली. पहिल्या दिवशी मीही तिच्यात बसले. पाचला महाड सुटलं, पोलादपूर गेलं, फाटा आला आणि गाडी न थांबता डावीकडे वळली तेव्हा पोरींनी एकमेकींचे हात धरले. मी खिडकीकडे तोंड करून रडले, आनंदाने, अगदी उघड. साडेसहाला आम्ही मशिदीपाशी उतरलो. खाला ओट्यावर येऊन उभी होती.

त्यानंतर मी दर रविवारी येते, आणि सोमवारी पळत नाही, त्याच गाडीने पोरींसोबत जाते. इतकी वर्षं मी समजत होते की मी घर सोडून शहरात आले आणि तिथून गावावर उपकार करते. आता महाडच्या खोलीत असले तरी वर मोहल्ल्यात काय चाललं असेल ते मला घड्याळाकडे बघून कळतं, आणि मला वाटतं घर म्हणजे एवढंच असावं.

मी गाडीचा फोटो ग्रुपवर टाकला, पाटीवर आपल्या गावाचं नाव असलेला. यावेळी अंगठे आले नाहीत. तुम्ही सगळे एकच विचारत राहिलात, कधी सुटते, कधी पोचते. कुवेतहून, दोहाहून, जणू धावत जाऊन पकडायची होती. मी लिहिलं, साडेसहाला मशिदीपाशी. इस्माईलभाईंचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. गोदामात फोन वापरता येत नाही, म्हणून पाळी संपल्यावर लिहिलं होतं.

"तिथं साडेसहा म्हंजे इथं चार. आज चार वाजले तसा मी हातातलं खोकं खाली ठेवलं. सनासोबत मी पन उतरलो गो."